बेसिनखालचा मासा

फिलोमेनाबाईंच्या वर्कशॉपच्या मागच्या दाराशी एक लाकडी खोकं आहे. भट्टीत तडकलेले पेले, कान तुटलेले कप, अर्ध्या टाइल्स, सगळं त्यात पडतं. मुद्दाम कोणी काही फोडत नाही आणि फुटलेलं कोणी टाकूनही देत नाही. दर गुरुवारी थोडं थोडं पडत राहतं, आणि एक दिवस बघावं तर खोकं काठोकाठ भरलेलं!

आमचे किस्से असेच साठलेत. पुण्याच्या मैत्रिणींना फोनवर एखादा सांगितला की त्या म्हणतात, "मंगल, तू रचून सांगतेस!" अहो, मला रचता येत नाही. बारावीला माझ्या निबंधाच्या वहीत बाईंनी लाल पेनानं लिहिलं होतं, "कल्पनाशक्ती कमी."

तर आम्ही राहतो लुडविग्सहाफेनजवळच्या एका छोट्या गावात. आमचे हे तिथे केमिकल कंपनीत आहेत. अकरा वर्षांपूर्वी आले तेव्हा मी जर्मन शिकायला नाव घालायला गेले. संध्याकाळच्या वर्गांच्या ऑफिसातली बाई म्हणाली, "जर्मन फुल आहे. सिरॅमिकला एक जागा शिल्लक आहे." ‘नको’ म्हणण्याइतकं जर्मन मला येत नव्हतं, म्हणून मी सिरॅमिकला गेले.

शिकवायला फिलोमेनाबाई. मूळच्या पोर्तुगालच्या. टाइल्स रंगवणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या. शाळेत आम्ही शिक्षिकेला बाई म्हणायचो, म्हणून मी त्यांनाही बाईच म्हणते. माझं सगळं जर्मन मी त्यांच्याकडूनच शिकले, मातीत हात घालून. पुढे जर्मनच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं, "इथले तुमचे सुरुवातीचे दिवस कसे गेले?" मला भट्टीवरचेच शब्द येत होते. म्हटलं, "मला फार घाईनं वाळवलं. मग तडा गेला. मग पाणी लावून बुजवला." परीक्षक बाईंनी डोळे टिपले आणि मला पास केलं!

वर्गात तिसरे हेर केसलर. हेर म्हणजे इथलं ‘श्रीयुत’, गुप्तहेर नव्हे. निवृत्त केमिस्ट. खिशात कायम वही. मातीचं वजन, खोलीचं तापमान, बाई कितीदा चिडल्या, सगळं लिहितात.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे एक भिंत. आमच्या गावच्या जुन्या स्विमिंग पूलमध्ये बाईंनी चाळीस वर्षांपूर्वी रंगवलेली अख्खी भिंत आहे. निळा समुद्र, होड्या, आणि सार्डिन माशांचा एक मोठा थवा. गेल्या वर्षी पूल पाडून नवा बांधायचं ठरलं. भिंतही पडणार होती.

बाई एकोणऐंशी वर्षांच्या. म्हणाल्या, "माझं बाकी सगळं लोकांनी वापरून फोडलं. ही एकच वस्तू अशी आहे, की जिच्यात कोणी कॉफी ओतली नाही."

राटहाउसमध्ये, म्हणजे आमच्या नगरपालिकेत, चौकशी केली. ते म्हणाले, सदस्यांनी मत दिलं तर टाइल्स एकेक करून काढता येतील आणि नव्या इमारतीत बसवता येतील. फक्त एक फॉर्म भरा. कलाकाराचं जीवन आणि महत्त्व!

माझं अक्षर चांगलं म्हणून फॉर्म माझ्याकडे आला. मी बाईंना एकेक रकाना विचारत गेले, आणि एकही उत्तर रकान्यात मावेना.

* * *

पहिला रकाना, शिक्षण.

बाई बाराव्या वर्षी समुद्रकाठच्या एका टाइल कारखान्यात लागल्या. मोठी माणसं संत आणि जहाजं रंगवायची. मुलींना फक्त कडेची नक्षी. त्यातही बाईंना खालच्या डाव्या कोपऱ्यातलं पान. उजव्या कोपऱ्यातलं पान त्यांची मामेबहीण लुर्देस काढायची.

"दोन्ही एकीनंच का नाही?" मी विचारलं.

"तिचं पान उजवीकडे वळायचं, माझं डावीकडे," बाई म्हणाल्या. जणू यात विचारण्यासारखं काय आहे!

पाच वर्षं तेच पान. मग एकदा लुर्देसला ताप आला. साहेब म्हणाले, आज उजवा कोपरा पण तूच कर. बाईंनी केला. पान डावीकडे वळलं. पुन्हा केला, पुन्हा डावीकडे. त्या टाइल्स एका चर्चमध्ये गेल्या. पाद्र्याच्या लक्षात आलं नाही, गावाच्या लक्षात आलं नाही. लुर्देसच्या आलं.

तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. नाताळला मात्र लुर्देसचं कार्ड न चुकता येतं. आत एक अक्षर नसतं. फक्त एक पान, उजवीकडे वळलेलं.

बाईंचा हात तिथेच बसला तो बसला. त्यांचे मासे, होड्या, माणसं, सगळी डावीकडे तोंड करून. पूलमधल्या भिंतीवरचा अख्खा थवा डावीकडे चाललाय. तिथे पोहणारी मुलंसुद्धा नकळत डावीकडे जातात, असं हेर केसलर म्हणतात. त्यांनी मोजलंय.

"मग शिक्षण काय लिहू?"

"लिही. डावा कोपरा."

मी लिहिलं.

* * *

पुरस्कार हा रकाना मात्र मला न विचारता भरता आला. कारण तो पुरस्कार माझ्यामुळेच मिळाला.

मी वर्गात जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. टाइल पांढऱ्या ग्लेझमध्ये, म्हणजे काचेच्या लेपात, बुडवून वाळवतात, आणि त्यावर रंगवतात. भट्टीतून निघाली की तो रंग जन्मात पुसत नाही. पण भाजायच्या आधी सगळी नुसती भुकटी असते. रांगोळीसारखी. बोट लावलं की बोटाला येते. हे सगळं मला आज माहीत आहे.

त्या गुरुवारी मी लवकर पोचले. बाई पाव आणायला गेल्या होत्या. टेबलावर चाळीस टाइल्स मांडलेल्या. आणि सगळ्यांवर ही धूळ! त्यात बाहेरगावचे कोणी पाहुणे येणार असं बाई म्हणाल्या होत्या. पाहुणे यायच्या आधी आपण काय करतो? मी फडकं ओलं केलं.

बाई आल्या तेव्हा माझ्या एकतीस झाल्या होत्या. मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, "फेर्टिष!" झालं म्हणून.

बाईंनी पाव खाली ठेवला. बसल्या. तीन आठवड्यांचं काम होतं ते. त्यांच्या गावचं बंदर.

मला कळलं तेव्हा मी रडायलाच लागले. बाईंनी एक अख्खा पाव सावकाश खाल्ला. मग म्हणाल्या, "भट्टीत घाल."

भट्टीतून निघाले ते नुसते करडे-निळे फराटे. कोपऱ्यातल्या नऊ टाइल्स वाचल्या होत्या, त्यात एका होडीची डोलकाठी. बाईंनी नाव दिलं, ‘बंदरावर धुकं’. शेजारच्या शहरातल्या स्पर्धेत पाठवलं. पहिला नंबर!

परीक्षकांनी लिहिलं होतं, "कलाकाराच्या हाताच्या हालचालीत विलक्षण निर्भयता आहे." असणारच. तो हात ओट्यावर फिरतो तसाच फिरला होता.

बाईंच्या आयुष्यातला तो एकमेव पुरस्कार. त्यानंतर दर वर्षी स्पर्धा आली की त्या नवीन टाइल्स माझ्यापुढे सरकवतात आणि लाडीगोडी लावतात, "मंगल, थोडं पुसतेस का?"

* * *

हा किस्सा फॉर्ममध्ये नव्हता, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. मी घरी काय पुजणार, मिक्सर? म्हणून एका वर्षी वर्कशॉपमध्ये गेले. भट्टीला, लाटण्याला, ब्रशांना हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. बाई लक्ष देऊन बघत होत्या. त्या दिवशीच्या भट्टीत एकही वस्तू तडकली नाही.

झालं! त्यानंतर टिळ्याशिवाय भट्टी पेटवायचीच नाही. मी भारतात गेले की फोन, "मंगल, लाल कुठे ठेवलंय?" शेवटी मी कुंकवाची डबी तिथेच ठेवून दिली.

मग एकदा विजेच्या भट्ट्या तपासणारे साहेब आले. कडक इस्त्री, हातात क्लिपबोर्ड. भट्टीच्या दाराच्या बरोब्बर मध्यावर वर्षानुवर्षांचा लाल ठिपका. "हे काय आहे?"

हेर केसलर गंभीरपणे म्हणाले, "तपासणीची खूण."

"कोणी केली?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही प्रशिक्षित आहात?"

मी खरं तेच सांगितलं. "हो. सासूबाईंनी शिकवलं."

"किती मुदत?"

"पुढच्या दसऱ्यापर्यंत."

साहेबांनी ते लिहून घेतलं! मग आपला स्टिकर काढला आणि ठिपक्याच्या शेजारी लावला. अगदी त्याच उंचीवर, ठिपका झाकला जाणार नाही अशा बेतानं.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "गाडीला पण करता का?"

* * *

आता नोकरी. हा रकाना छोटा होता, आणि बाईंची नोकरी एकोणीस वर्षांची.

लग्नानंतर बाई नवऱ्यामागे जर्मनीत आल्या आणि एका वॉश बेसिनच्या कारखान्यात लागल्या. तो आता कधीच बंद झाला. तिथे काम काय? बेसिन भट्टीत जायच्या आधी उलटं करायचं आणि खालच्या बाजूला काही डाग आहे का बघायचं. दिवसाचे आठ तास. बेसिनची खालची बाजू!

"माणसाला वेड लागेल," मी म्हटलं.

"दुसऱ्याच आठवड्यात लागलं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एका बेसिनच्या पोटाला बोटभर सार्डिन काढला. निळा, तीन खवले, तोंड डावीकडे. कोणी बघितलं नाही. कोण बघणार? मग त्या काढतच गेल्या. प्रत्येकाला नाही. "जे बेसिन एकटं वाटायचं, त्यालाच."

एकदा एका प्लंबरनं कारखान्याला पत्र लिहिलं, "तुमच्या बेसिनला मासा आहे." कारखान्यानं उत्तर पाठवलं की ती दर्जाची खूण आहे!

म्हणजे आज जर्मनीभर लोक सकाळी तोंड धुतात त्याच्या खाली बाईंचे मासे आहेत, आणि कोणते, ते कोणालाच माहीत नाही. म्हणून बाई कुठेही गेल्या, की आधी बाथरूम विचारतात आणि सरळ जमिनीवर आडव्या होतात. दोन रेस्टॉरंटांनी त्यांना पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलंय. आतापर्यंत अकरा सापडलेत. यादी हेर केसलरांच्या वहीत आहे.

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बाई आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा मी पुरणपोळ्या करत होते. बाईंनी कोट काढला, बाथरूम विचारलं आणि गेल्या. दहा मिनिटांनी आमची ईरा, तेव्हा सहा वर्षांची, स्वयंपाकघरात आली आणि नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये, अगदी शांतपणे म्हणाली, "आई, ती आजी मेली."

"अहो! अहो, बघा ना!" मी ओरडले. तव्यावर पोळी.

ह्यांनी कंपनीत प्रथमोपचाराचा कोर्स केलाय. घोंगडी घेऊन धावले. मी पोळी उतरवून पोचले तर बाथरूमच्या दारातून दोन जोड पाय बाहेर. एक बाईंचे, एक ह्यांचे. आतून आवाज,

"टॉर्च आहे का?"

"मोबाइलचा आहे. जरा डावीकडे सरका."

टॉर्चचा उजेड इकडून तिकडे फिरला. मग बाई म्हणाल्या, "हे माझं नाही."

"सॉरी," हे म्हणाले. जणू ह्यांचीच चूक!

त्या दिवसापासून ह्यांनाही ती सवय लागलीय. हॉटेल असो, कोणाची वास्तुशांत असो. मागच्या महिन्यात मीटिंगसाठी म्युनिककडे उंटरश्लाइसहाइमला गेले होते. भर दुपारी फोन, तोही कुजबुजत. मी घाबरले. "अहो, काय झालं?"

"अगं, चौथ्या मजल्यावरची सगळी बघितली. एकही नाही."

* * *

प्रदर्शनं. हा किस्सा छोटा आहे, कारण प्रदर्शनच छोटं होतं.

गावच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये बाईंच्या तीस थाळ्या मांडल्या. प्रत्येकीपुढे नंबरचं कार्ड. उद्घाटनाला मी कांदेपोहे केले, हेर केसलरांच्या बायकोनं बटाट्याचं सॅलड आणि केक. कागदी प्लेट्स आणायची जबाबदारी हेर केसलरांवर होती. वहीत लिहिलेली होती. ते वही घेऊन आले, प्लेट्स घरी.

कोणी सुरुवात केली कोण जाणे. एका आजोबांनी समोरची थाळी उचलून माझ्यापुढे धरली. माणूस थाळी पुढे करतो तेव्हा आपण काय करणार? मी वाढलं. बघते तर त्यांच्यामागे रांग लागलेली, प्रत्येकाच्या हातात एक नंबर!

हेर केसलरांचा चेहरा पांढराफटक. काही सुचेना तेव्हा त्यांनी वही काढली आणि नोंदी घेत फिरायला लागले. "क्रमांक सात, बटाट्याचं सॅलड. क्रमांक एकोणीस, पिवळा पदार्थ, दोनदा."

खाऊन झाल्यावर लोकांनी आपापली थाळी शिस्तीत धुतली, पुसली, आणि इथे अशा जेवणांना लोक ताट घरूनच आणतात, त्या सवयीनं पिशवीत घालून घरी नेली. पाच वाजता हॉल रिकामा. तीस कार्डं तेवढी उरली.

मी बाईंकडे बघायला धजत नव्हते. त्या खुर्चीत बसून उरलेले पोहे पातेल्यातूनच खात होत्या. म्हणाल्या, "सगळी प्रदर्शनं अशीच संपावीत."

फॉर्मवर लिहिलं, प्रदर्शनं : एक. कालावधी : दोन तास.

* * *

बाई तैलचित्रंही काढतात. पण टाइल काही डोक्यातून जात नाही. कॅनव्हासवर आधी टाइलच्या मापाचे चौकोन आखतात आणि मगच माणूस बसवतात. नियम एकच. नाक सांध्यावर येऊ द्यायचं नाही. "सांध्यावर नाक आलं की फुटतं."

"बाई, पण हे तर कापड आहे. इथे सांधा कुठाय?"

"सांधा असतोच," बाई म्हणाल्या.

आमच्या गावच्या महापौरबाईंनी हौसेनं स्वतःचं चित्र काढून घेतलं. त्यांचं नाक नेमकं रेघेवर आलं. बाईंनी ते एक चौकोन सरकवलं. डावीकडे, अर्थातच.

चित्र उघडलं तेव्हा महापौरबाई खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इंटेरेसान्ट." इथे राहणाऱ्यांना माहीत आहे, या शब्दानंतर चहा मिळत नाही.

चित्र राटहाउसमध्ये लागलं खरं, पण कॉरिडॉरच्या टोकाला, टॉयलेटशेजारी. टॉयलेटचं दार उघडलं की चित्र झाकलं जातं.

त्या चित्रापासून बाईंच्या पर्समध्ये तैलरंगाची निळी ट्यूब कायमची राहायला आली. टोपण नीट लागत नाही. बसचा पास निळा, रुमाल निळा, आणि पर्स उघडली की जवसाच्या तेलाचा वास. पर्स सांभाळायला माझ्याकडे दिली की माझा पदरसुद्धा निळा.

* * *

आणि मग मतदानाचा दिवस आला.

संध्याकाळी पाच वाजता राटहाउसची मोठी खोली. नऊ सदस्य, मध्ये महापौरबाई, नाक जागच्या जागी. बाईंबरोबर मी आणि हेर केसलर. बाईंनी काळा कोट घातला होता. पायऱ्या चढताना म्हणाल्या, "मंगल, तोडताना आवाज येईल ना? मला तो घरापर्यंत ऐकू येईल." बाईंचं घर पूलच्या समोरच आहे.

महापौरबाई फॉर्म मोठ्यानं वाचायला लागल्या.

"शिक्षण : डावा कोपरा."

कोणीतरी खोकलं.

"पुरस्कार : एक. पुसल्याबद्दल." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "प्रदर्शनं : एक. कालावधी : दोन तास. सार्वजनिक संग्रहातील कामं..."

तो रकाना मी रिकामा सोडला होता.

एक उंच, सडपातळ सदस्य होते. त्यांना भिंतीच्या जागी पाण्याची घसरगुंडी हवी होती. ते पुढे वाकले. "तर मला एवढंच कळू दे. या बाईंचं काम कुठल्या सरकारी जागेत जपून ठेवलंय? एक तरी जागा सांगा."

"सगळीकडे आहे," बाई म्हणाल्या.

"उदाहरणार्थ?"

"उदाहरण शोधावं लागतं."

घसरगुंडीवाले मागे टेकून हसले. आणखी दोघं हसले. बाई उठल्या, पर्स घेतली. "मला जरा टॉयलेटला जायचंय."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस झाली. घसरगुंडीवाले घड्याळ बघायला लागले. महापौरबाई मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बघून येता का?"

मी गेले. बाई बेसिनखाली उताण्या पडलेल्या, कोटासकट. पर्स डोक्याशी उघडी.

"बाई!"

"बारावा," बाई म्हणाल्या.

मी आडवी झाले. वर बघितलं. बोटभर सार्डिन. निळा, तीन खवले, तोंड डावीकडे! मला रडूच आलं. इतकी वर्षं ही बाई लोकांच्या जमिनीवर लोळतेय, आणि मासा निघाला तो इथे, आजच्या दिवशी!

मी धावत बाहेर आले आणि ओरडले. माझं सगळं जर्मन विसरले, मराठीतच ओरडले. पण सगळे आले.

पहिल्यांदा महापौरबाई खाली गेल्या. जाकीट काढून घडी करून डोक्याखाली घेतलं. मग बेसिनखालून, "ना या...", म्हणजे आपलं "असो...", आणि थोड्या वेळानं, "तोंड डावीकडे आहे."

मग एकेक सदस्य. दारात रांग लागली, कोणी कोणाला ढकललं नाही. माणूस आडवा व्हायचा, बघायचा, उठून पँट झटकायचा आणि पुढच्याला जागा करून द्यायचा. हेर केसलर वही काढून मोबाइलच्या टॉर्चनं खाली शिरले. बेसिनच्या मागे कारखान्याचा स्टिकर असतो, त्यावर साल असतं. ते त्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग बाहेर आले, वही न लिहिताच मिटली, खिशात घातली आणि बेसिनसमोर हात पसरून उभे राहिले.

"कृपया हात लावू नये," ते म्हणाले. "कलाकृती आहे."

कोणी हात लावला नाही. इथे पाटी असो नसो, सांगितलं की कोणी लावत नाही.

घसरगुंडीवाले सर्वांत शेवटी गेले. गुडघे दुखतात म्हणून त्यांना दोघांनी धरून खाली सोडलं. तिथूनच त्यांनी विचारलं, "पण मग माझ्या घरी पण असेल का?"

"तुमचं बेसिन एकटं आहे का?" बाईंनी विचारलं.

त्यांना दोघांनी धरून उभं केलं. मग मतदानाला त्यांचाच हात पहिल्यांदा वर गेला. नऊच्या नऊ! भिंत एकेक टाइल काढून नव्या इमारतीत जाणार. महापौरबाईंनी फॉर्मच्या रिकाम्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, "राटहाउस, पहिला मजला."

सगळे निघाले. बाई खाली कोट घालत होत्या तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, पर्स वरच राहिलीय. मी परत गेले. टॉयलेटमध्ये कोणी नव्हतं. पर्स बेसिनखालीच होती, म्हणून पुन्हा वाकावं लागलं. मासा दिसला. इतका गोड दिसत होता, की ईराच्या लहानपणी तिच्या गालाला लावायचे तसं मी त्याच्या शेपटीला हळूच बोट लावलं.

मग मी हात धुतला. साबण लावून धुतला. पुन्हा एकदा धुतला.

खाली गेले तर बाई पायऱ्यांशी उभ्या होत्या. शेजारी हेर केसलर आकाशाकडे बघत होते. मी पर्स दिली. बाईंनी माझ्या निळ्या बोटाकडे बघितलं, पर्समधून टर्पेंटाइनची चिंधी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"साबणानं जात नाही," त्या म्हणाल्या.